भोपाळला एकच दिवस? मग आधी वार बदला

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमरावतीचं कुटुंब, सहा माणसं, एक अर्टिगा. जानेवारीत शुक्रवारी निघून पचमढी, रविवारी रात्री भोपाळ, सोमवारी दिवसभर भोपाळ आणि त्याच दिवसात सांची नि भीमबेटकाही, मंगळवारी सकाळी उज्जैन. सोबत सत्तरीचे वडील, त्यांचे गुडघे दुखतात. आई आहे, आठ आणि तेरा वर्षांची मुलं आहेत. सोमवारी सकाळी सातला हॉटेल सोडलं तर सगळं होईल का, असं विचारलंय.

होणार नाही. वेळ कमी पडेल हे खरंच, पण त्याआधीची अडचण म्हणजे तुमचा वार. भोपाळमध्ये पाहण्यासारखं जे सगळ्यात चांगलं आहे, म्हणजे जनजातीय संग्रहालय, मानव संग्रहालय, भारत भवन, राज्य संग्रहालय, ते सगळं सोमवारी बंद असतं. मी नागपूरहून वीसेक वर्षं कुटुंबांना गाडीने मध्य प्रदेशात नेतोय, आणि हे मी वाचून शिकलेलो नाही. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी आठ जणांची एक मंडळी घेऊन सोमवारी श्यामला हिल्सवर चढलो. पहिलं गेट बंद. दुसरं बंद. तिसऱ्या गेटवरच्या चौकीदाराने आमच्याकडे न बघताच हाताने "नाही" अशी खूण केली, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाडीतल्या एका आजी म्हणाल्या, "अरे, आमच्याकडे न्हावी सोमवारी बंद असतो, इथे राजधानीच बंद?" त्या दिवसापासून मी भोपाळचा दिवस आधी ठरवतो आणि बाकीची सहल त्याच्या भोवती बसवतो.

तुम्हीही तेच करा. शुक्रवारऐवजी शनिवारी निघा. मग सोमवार हा पचमढी ते भोपाळ प्रवासाचा होतो, मंगळवार पूर्ण भोपाळचा आणि बुधवारी उज्जैन. एक रजा जास्त लागते, पण सोमवारी बंद दारं बघण्यापेक्षा ते परवडलं.

आता भीमबेटका, म्हणजे आदिमानवाची चित्रं असलेल्या गुहा. लोक नकाशात भोपाळभोवती तीन ठिपके बघतात, भीमबेटका, भोजपूर आणि सांची, आणि तिन्ही भोपाळच्या दिवसात कोंबतात. पण तुम्ही पचमढीहून येताय. तो रस्ता पिपरिया, नर्मदापुरम (आपलं जुनं होशंगाबाद), ओबेदुल्लागंज असा येतो आणि भीमबेटका या रस्त्यालगतच आहे, भोपाळच्या अलीकडे साधारण 45 किलोमीटरवर. भोपाळला मुक्कामी पोहोचून दुसऱ्या दिवशी परत तिथे जाणं म्हणजे पेट्रोल जाळायचं आणि सकाळही. सोमवारी पचमढी आठच्या आत सोडा, अंतर एकूण दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. नर्मदापुरमला सेठानी घाटावर अर्धा तास थांबा, आईंना नर्मदेचं दर्शन होईल. जेवून दुपारी भीमबेटक्याला पोहोचाल.

तिथे गाडी वरपर्यंत जाते. पहिलीच मोठी गुहा, तिला ऑडिटोरियम केव्ह म्हणतात, ती वाहनतळाजवळ आहे, त्यामुळे वडिलांनी तेवढी पाहून सावलीत बसलं तरी त्यांचं काही चुकत नाही. मुलांना पुढे झू रॉकपर्यंत न्या. एका खडकावर एवढे प्राणी, एकावर एक काढलेले, की मोजायला लावलं तर पंधरा मिनिटं गप्प बसतात. आणि हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसतं: ही चित्रं 1957 मध्ये जगासमोर आणली ती विष्णू श्रीधर वाकणकर यांनी, उज्जैनला काम करणाऱ्या एका मराठी माणसानं. रेल्वेतून जाताना हे खडक त्यांना दिसले आणि ते शोधत आले. 2003 मध्ये युनेस्कोच्या यादीत हे ठिकाण आलं. तिथल्या फाटकाजवळ तुम्हाला रेल्वे रूळ ओलांडावे लागतील, तेव्हा ही गोष्ट मुलांना सांगा. नंतर सांगण्यात मजा नाही.

उजेड असेल तर भोजपूर करा. अकराव्या शतकातलं भोज राजाचं अर्धवट राहिलेलं शिवमंदिर, आत सव्वादोन मीटरच्या वर उंचीचं लिंग. सोमवारी तिथे भाविकांची रांग असते, पण मला मंदिरापेक्षा मागचा मातीचा उतार आवडतो. त्यावरून दगड वर चढवायचे, काम संपलं की उतार काढून टाकायचा. काम संपलंच नाही, म्हणून उतार हजार वर्षं तिथेच. आजूबाजूच्या कातळावर कारागिरांनी कोरलेले मंदिराचे आराखडेही आहेत, कठड्याच्या आत नीट बघा. तेरा वर्षांच्या मुलाला हे देवदर्शनापेक्षा जास्त पटेल.

म्हणजे मंगळवार पूर्ण हातात आला. आता शहर.

सकाळी उठून गाडी हॉटेलातच ठेवा. सकाळ जुन्या शहराची आहे आणि जुन्या शहरात अर्टिगा नेऊ नका. मी एकदा चौक बाजारात नेली होती. दोन्ही आरसे मिटवून, समोर हातगाडी, मागे रिक्षा, आणि एका मिठाईच्या दुकानातला पोरगा पुढे चालत "आने दो खाँ, आने दो" करत मला मागे घेत होता. शंभर फूट अंतराला पंचवीस मिनिटं लागली. त्याने पैसे घेतले नाहीत, चहा पाजला. पण तुमच्या वाट्याला तो पोरगा येईलच असं नाही. दोन रिक्षा करा, किंवा हॉटेलवाल्याला सांगून चार तासांसाठी एखादी मोठी गाडी आणि स्थानिक ड्रायव्हर घ्या.

आधी नाश्ता. पोहे-जिलबी. पोह्यांवर बारीक शेव, कांदा, लिंबू, बडीशेपेचा थोडा वास, आणि शेजारी गरम जिलबी. तुम्ही विदर्भातले, म्हणून आधीच सांगतो, तर्री मागू नका. तिथे तर्री म्हटलं की समोरचा माणूस तुमच्याकडे बघत राहतो.

नऊच्या सुमाराला ताजुल मसाजिद. शुक्रवार नाही, त्यामुळे अडचण नाही, नमाजाची वेळ तेवढी टाळायची. कपडे अंगभर, चपला बाहेर, बायकांनी डोक्यावर ओढणी. पायऱ्या आहेत, वडिलांना सावकाश चढू द्या. आत गेल्यावर जे अंगण उघडतं ना, ते फोटोत येत नाही. आणि ही मशीद जुनी दिसते तेवढी जुनी नाही. शाहजहान बेगमेने ती बांधायला घेतली, 1901 मध्ये ती गेली, पैसा आटला आणि काम थांबलं. पुन्हा सुरू झालं 1971 मध्ये आणि पूर्ण झालं 1985 मध्ये. म्हणजे भारतातल्या सर्वांत मोठ्या मशिदींपैकी एक, आणि ती तुमच्या-माझ्या हयातीत पुरी झालेली. आत बायकांना नमाज पढता यावा म्हणून वेगळा सज्जा ठेवलाय, तो दाखवायला सांगा. बांधणारीच बाई होती, हे त्या सज्ज्यातून कळतं.

कारण भोपाळवर बायकांनी राज्य केलं. 1819 ते 1926 या काळात चार बेगमा, एकीमागून एक: कुदसिया, सिकंदर, शाहजहान, सुलतान जहान. मध्ये काही वर्षांचा खंड सोडला तर शंभर वर्षांहून जास्त. कुदसियाने चौकातली जामा मशीद आणि तळ्याकाठचा गौहर महल बांधला, सिकंदरने मोती मशीद, शाहजहानने ताजुल मसाजिद बांधायला घेतली, आणि सुलतान जहान पुढे अलीगढ मुस्लिम विद्यापीठाची पहिली कुलपती झाली. आई आणि मुलीला (मुलगी आहे असं धरतो, तुम्ही लिहिलं नाहीये) ही नावं क्रमाने सांगत फिरवलं तर जुनं शहर आपोआप जोडलं जातं, नाहीतर एकामागून एक घुमट बघून मुलं कंटाळतात. मोती मशिदीच्या पायऱ्या, शौकत महलाचा विचित्र मिश्र चेहरा, सदर मंझिल, इक्बाल मैदान, हे सगळं एकमेकांपासून चालत पाच-दहा मिनिटांवर आहे. मोती मशिदीपाशी वडिलांना बसवा, बाकीच्यांनी चौकात चक्कर मारा. चौकात जरीकाम केलेला भोपाळी बटवा मिळतो, आईंसाठी घ्या. भाव करावा लागतो, पण तिथे भाव करणं हा भांडणाचा प्रकार नाही, गप्पांचा आहे.

गौहर महलात कधी हस्तकलेचं प्रदर्शन असतं, कधी नुसता रिकामा वाडा. रिकामा असला तरी आत जा, चौकातून वर बघा. त्याच बाजूला कमला पार्कापाशी गोंड राणी कमलापतीचा महाल आहे. भोपाळ बेगमांच्या आधी गोंडांचं होतं हे विसरायला होतं. जवळच धाकटं तळं, 1794 मधलं, आणि पलीकडे मोठं तळं.

इथे एक मराठी आठवण. 1737 च्या डिसेंबरात निजाम प्रचंड फौज घेऊन याच भोपाळला तळ्याच्या आश्रयाने बसला होता आणि पहिल्या बाजीरावाने त्याला लढाईपेक्षा उपासमारीने जेरीला आणलं. रसद तोडली, बाहेर पडायच्या वाटा धरल्या. 7 जानेवारी 1738 ला दोराह्याला तह झाला, माळवा मराठ्यांना मिळाला. त्याचं शहरात काही दिसत नाही. पण कमला पार्कावरून तळ्याचा पसारा बघितला की निजामाला तिथे सुरक्षित का वाटलं असेल आणि तीच जागा कशी अंगाशी आली असेल, हे कळतं.

बाराला जनजातीय संग्रहालय उघडतं. त्याआधी जाऊ नका, आत घेत नाहीत. दिवसाची अशी विभागणी मी जी केली ती याच बारासाठी. तिथे तीन तास द्या, चार दिले तरी चालतील. मी लोकांना सांगतो, भोपाळमध्ये एकच जागा बघायला वेळ असेल तर हीच. मानव संग्रहालय याहून प्रसिद्ध आहे, दोनशे एकरांवर पसरलंय, आत टोडांची झोपडी, नागांचं युवागृह, हिमालयातली, वाळवंटातली, किनारपट्टीवरची घरं आहेत, इतकंच काय, आवारात आदिमानवाची चित्रं असलेले खडक आहेत. पण त्याला अख्खा दिवस आणि धड गुडघे लागतात. तुमच्याकडे दोन्ही नाही.

जनजातीय संग्रहालय 2013 मध्ये सुरू झालं. तिथे वस्तू काचेच्या पेटीत, खाली टाइप केलेली चिठ्ठी, असं नाही. गोंड, भिल्ल, बैगा, कोरकू, सहरिया यांची घरं त्या-त्या समाजातल्या कारागिरांनी येऊन बांधलेली आहेत आणि तुम्ही आत शिरता, वाकून. कोरकूंच्या घरापाशी थांबा. तुमच्या मेळघाटात जे कोरकू आहेत तेच हे, मध्ये फक्त राज्याची सीमा आली. माझ्यासोबत एकदा धारणीचे एक निवृत्त मास्तर होते. ते त्या घरात दारालगतच्या भिंतीला हात लावून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "सारवणाचा हात बरोबर आहे." बाकीचे लोक तोवर दोन दालनं पुढे गेले होते.

मुलांसाठी रक्कू नावाचं दालन आहे, त्यात आदिवासी मुलांचे खेळ. आधी तिथे नेलंत तर पुढे बाकीचं बघायला ती तयार होत नाहीत, म्हणून ते शेवटी ठेवा. देवलोकाच्या दालनात उजेड कमी आहे, धाकटं घाबरट असेल तर हात धरा. बांबूच्या जन्माची बासिन कन्येची कथा शिल्पातून मांडली आहे, तिच्यासमोर पाच मिनिटं बसा. वडिलांसाठी दारावरच व्हीलचेअरची चौकशी करा, मागायला संकोच करू नका. जेवण आधी उरकून जायचं की आतल्या उपाहारगृहात, ते मुलांच्या भुकेवर ठरवा. उपाशी पोटी मात्र शिरू नका.

चारच्या सुमाराला भारत भवन. जवळच आहे, त्याच श्यामला टेकडीवर. 1982 मध्ये उघडलं, वास्तुकार चार्ल्स कोरिया. आणि गंमत म्हणजे समोर इमारत दिसतच नाही. तुम्ही गच्चीवर येता, मग कळतं की इमारत पायाखाली आहे, उतरत-उतरत तळ्याकडे गेलेली. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी इथल्या संग्रहात शहरी चित्रकार आणि आदिवासी चित्रकार एकाच छताखाली आणले. जनगढ सिंह श्याम हा पाटणगढचा गोंड तरुण इथूनच जगभर गेला. दुपारी संग्रहालयात घरांच्या भिंतींवर जे पाहिलं, ते इथे कागदावर दिसतं, म्हणून हा क्रम उलटा करू नका. वडील थकले असतील तर त्यांना वरच्या कट्ट्यावर बसू द्या, तळं तिथूनही दिसतं, पायऱ्या उतरायची सक्ती नाही.

कोरियांचंच विधान भवनही आहे, बाहेरून जाता-जाता दिसेल. नागपूरकर म्हणून तिथे गाडी नेहमी जरा हळू होते माझी. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती. मग विदर्भ मुंबई राज्यात गेला, राजधानी भोपाळला गेली, आणि फायलींच्या पेट्यांबरोबर कितीतरी मराठी कारकूनही गेले. आजही भोपाळच्या सरकारी वसाहतींत एखादं देशपांडे किंवा काळे आडनाव दिसलं तर विचारून बघा, दोन पिढ्या मागे धागा नागपूरच्या महाल किंवा सीताबर्डीला लागतो.

सूर्यास्त मोठ्या तळ्यावर. भोज राजाने अकराव्या शतकात बांध घालून केलेलं, आजही शहराला पाणी देणारं, भरलं की तीसेक चौरस किलोमीटर. "तालों में ताल भोपाल ताल, बाकी सब तलैया" ही म्हण रिक्षावाला तुम्हाला ऐकवेलच, ऐकून घ्या. बोट क्लबची बाजू गजबजलेली असते, मुलांना तीच आवडेल. जानेवारीत ऊन गेलं की पाण्यावरून गार वारा सुटतो, कानटोप्या सोबत ठेवा.

रात्री दोन वाटा. मांसाहारी असाल तर मोठ्यांपैकी दोघांनी जुन्या शहरात चटोरी गलीत जा, बाकीच्यांनी हॉटेलात जेवावं. अख्ख्या कुटुंबाला, त्यात आजी-आजोबांना, रात्री नवाच्या गर्दीत त्या गल्लीत उभं करू नका. शाकाहारी असाल तर न्यू मार्केटची बाजू सोयीची. पण सुलेमानी चहा दोन्हीकडच्यांनी प्यावा. दाट, दुधाचा, आणि त्यात चिमूटभर मीठ. पहिला घोट विचित्र लागतो. दुसरा कप मागवला की समजायचं, जमलं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण तेरा वर्षांचं मूल सोबत आहे म्हणून लिहितो. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधली रात्र. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला आणि हजारो माणसं मेली. कारखाना शहराच्या उत्तरेला आहे आणि समोर जे. पी. नगरात आई आणि मुलाचा एक पुतळा आहे, रूथ वॉटरमन या डच शिल्पकर्तीने घडवलेला. मी लोकांना तिथे 'पॉइंट' म्हणून नेत नाही. कुणी स्वतःहून विचारलं तर नेतो, गाडी लांब लावतो, पाच मिनिटं उभे राहतो, फोटो नको म्हणून आधीच सांगतो. आजूबाजूला राहणारी माणसं त्या रात्रीतून वाचलेली आहेत. नेणं न नेणं तुम्ही ठरवा, पण नेलंत तर सकाळच्या फेरीत न्या, रात्री जेवायला जाताना वाटेत नको.

राहिली सांची, ती बुधवारी घाला. उज्जैन भोपाळच्या पश्चिमेला आणि सांची ईशान्येला, म्हणून लोकांना वाटतं हे जमणार नाही. जमतं. सकाळी सहाला सामानासकट निघा, सांची शेचाळीस-सत्तेचाळीस किलोमीटर, वाटेत रस्त्यावर कर्कवृत्ताची खूण रंगवलेली आहे, मुलांना उतरवून दोन पाय दोन बाजूंना ठेवून फोटो काढा. साडेसातला स्तूपापाशी असाल, त्या वेळी बसेस आलेल्या नसतात आणि तोरणांवर ऊन तिरपं पडतं, कोरीवकाम तेव्हाच दिसतं, दुपारी सगळं सपाट होतं. दक्षिणेचं तोरण नीट बघा. त्यावर दोन लेख आहेत. एकात म्हटलंय की कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केलं, दुसऱ्यात राजा श्री सातकर्णीच्या कारागिरांच्या मुख्याचं, आनंदाचं, दान नोंदलंय. सातकर्णी म्हणजे आपले सातवाहन, नाणेघाटातले. लेख ब्राह्मीत आहेत, वाचता येणार नाहीत, पण कुठे आहेत ते तिथला माणूस बोट दाखवून सांगतो.

साडेनऊला तिथून निघून भोपाळला बायपासने वळसा घाला, शहरात शिरू नका. पुढे सीहोर, आष्टा, देवास. रस्ता चांगला आहे. जेवायला आष्ट्याच्या पुढे थांबलात तरी तीन-साडेतीनला उज्जैनच्या हॉटेलात सामान उतरलेलं असेल आणि वडिलांना संध्याकाळच्या दर्शनाआधी तासभर आडवं होता येईल.

हॉटेल श्यामला हिल्स किंवा न्यू मार्केटच्या बाजूचं बघा, स्वतःचं पार्किंग असलेलं. हमीदिया रोडवर खोल्या स्वस्त मिळतात, पण रात्री दोनपर्यंत हॉर्न ऐकू येतात, आणि पहाटे सहाला निघायचं असताना त्या वाचलेल्या पैशांची सकाळी गाडी चालवताना फार आठवण येते.